मैत्रीबद्दलची उपकारस्तुती : देवाची करावी, मित्राची करावी, की दोघांची?

जुना_फळा

सर्वांना सलाम.

मी नगरचा निवृत्त शिक्षक आहे (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या जिभेला अजून नगरच वळते). आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरी उपकारस्तुतीची सभा ठेवण्याची जुनी रीत आहे. बाळ जन्मले, मुलाला नोकरी लागली, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली किंवा नव्या घरात राहायला गेलो, की पाळकसाहेबांना आणि चार घरच्या माणसांना बोलवायचे, दोन-तीन गीते म्हणायची, एखादा शास्त्रभाग वाचून प्रार्थना करायची आणि चहापोहे देऊन सर्वांना निरोप द्यायचा. अशा शंभर-दीडशे सभांना तरी मी आजवर बसलो असेन. मात्र मैत्रीसाठी कोणी उपकारस्तुतीची सभा ठेवल्याचे मी कधी ऐकले नाही, आणि मला आता नेमकी तीच ठेवायची आहे.

1984 च्या जूनमध्ये नेवासे तालुक्यातील एका खेडेगावच्या शाळेत मी रुजू झालो, तेव्हा तेथे जे लेखनिक होते त्यांना सारे गाव नाना म्हणत असे आणि मीही नानाच म्हणू लागलो. ते मला त्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणतात. नाना वारकरी आहेत, गळ्यात माळ आहे, आषाढीची वारी त्यांनी सहसा चुकवलेली नाही. नेवासे म्हटल्यावर पसायदानातले मैत्र सर्वांना आठवेलच, म्हणून ते येथे उगाळत बसत नाही.

1991 च्या पावसाळ्यात माझी पत्नी नगरच्या एका रुग्णालयात 19 दिवस होती. आमची मुले लहान होती, शहरात जवळचे नातेवाईक नव्हते, आणि बाहेरचे अन्न तिला वर्ज्य होते. नानांच्या घरून सकाळच्या पहिल्या एसटीने डबा येऊ लागला. पहिले दोन दिवस तो घेऊन नाना स्वतः आले, पण शाळा बुडवून रोज येणे शक्य नव्हते, म्हणून तिसऱ्या दिवसापासून तो कंडक्टरच्या स्वाधीन होऊन एकटाच प्रवास करू लागला. तीन पुडांचा जर्मनचा डबा, त्याच्या कडीला सुतळीने आवळून बांधलेले फडके, आणि झाकणावर लाल ऑइलपेंटने लिहिलेले ‘मास्तर’ हे एकच अक्षररूप. शाळेच्या बाकांवर क्रमांक टाकायला आणलेल्या रंगातून ते लिहिले होते हे मला अक्षर पाहूनच कळले. वरच्या पुडात बिनतिखटाची भाजी, मधल्यात वरण, खालच्यात भाकरी, आणि भाकरीच्या घडीत कधीकधी शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकेचा कपटा असे, ज्यावर ‘काळजी नसावी, तुमचा आठवीचा तास मी घेतला, मुले तुमच्यापेक्षा माझ्याकडे शांत बसतात’ असे काहीतरी लिहिलेले असे. सलग 19 दिवसांत तो डबा एकदाही चुकला नाही. तो आजही आमच्याच घरी आहे. परत करायचा तर भरून करायचा, या विचाराने तो तेव्हा राहिला, आणि मग राहूनच गेला.

माझी अडचण दुहेरी आहे. मुलगा म्हणतो की, ‘पप्पा, सभा देवाच्या उपकारांची असते, माणसाच्या नव्हे, नानाकाकांचा सत्कार करायचा असेल तर शाल-श्रीफळ द्या.’ दुसरीकडे नानांजवळ विषय काढला तर ते म्हणतात, ‘आभार मानून परके करता काय, मास्तर?’ हे दुसरे बोलणे आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे बोलतो, की चाळीस वर्षांत मी नानांना एकदाही ‘तुमचे उपकार आहेत’ असे स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही, हे परवा माझ्या लक्षात आले आणि मला फार चुकल्यासारखे वाटले.

म्हणून विचारतो. दीर्घकाळ टिकलेल्या मैत्रीबद्दल उपकार मानण्याला आपल्या शास्त्रात आणि ख्रिस्ती परंपरेत काही आधार आहे काय? आणि ते कोणाचे मानायचे?

बावखल

जय ख्रिस्त, गुरुजी. मी वसईचा कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडचे सांगतो.

आमच्या उपासनापंचांगात 2 जानेवारी हा सण दोन मित्रांचा मिळून आहे : संत बेसिल आणि संत ग्रेगरी नाझियान्झेन. दोघे चौथ्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या कप्पदुकियाचे. अथेन्समध्ये एकत्र शिकत असताना त्यांची मैत्री जुळली. ग्रेगरीने पुढे सांगितले आहे की, त्या मोठ्या शहरात आम्हा दोघांना दोनच रस्ते ठाऊक होते, एक चर्चकडे जाणारा आणि दुसरा शिक्षकांकडे जाणारा. आमची शरीरे दोन असली तरी त्यांत जीव एकच होता.

एवढेच सांगितले तर ती गोष्ट गोड होते, आणि गोड गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. बेसिल 370 मध्ये कैसरियाचा बिशप झाला आणि 372 मध्ये त्याने आपली बाजू बळकट करण्यासाठी या मित्राला त्याच्या मनाविरुद्ध सासिमा नावाच्या गावाचा बिशप नेमले. सासिमा म्हणजे तीन रस्ते जेथे मिळतात असा एक धुळीचा टप्पा, पाण्याचे दुर्भिक्ष आणि गाड्यांचा गोंगाट. ग्रेगरी चिडला, त्याने तेथे कधी नीट पाऊल ठेवले नाही, आणि आपल्या मित्राने आपला सोंगटीसारखा उपयोग केला ही सल त्याच्या मनातून गेली नाही. 379 मध्ये बेसिल वारला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ग्रेगरीने त्याच्यावर जे दीर्घ भाषण केले त्यात मित्राचे अपार गुणगान आहे, परंतु त्याच भाषणात तो असेही बोलून जातो की, या माणसाचे सारे काही मला वंद्य आहे, फक्त माझ्याशी तो जसा वागला तेवढ्याची स्तुती मला करता येत नाही आणि ते दुःख काळानेही पुसलेले नाही.

मला हे भाषण म्हणजे मैत्रीबद्दलच्या कृतज्ञतेचा उत्तम नमुना वाटतो, कारण त्यात हिशोब खोटा केलेला नाही. चर्चने या दोघांना एकाच दिवशी बसवले, तेही ती सल जमेस धरूनच.

तुमच्या मुलाच्या शंकेविषयी एक गोष्ट. आम्ही मिस्साबलिदानाला जो ‘युखरिस्त’ हा शब्द वापरतो त्याचा मूळ ग्रीक अर्थच ‘आभार मानणे’ असा आहे. आमच्याकडे लग्नाच्या पंचविशीची, पन्नाशीची आभाराची मिस्सा लोक हौसेने ठेवतात. मैत्रीच्या चाळिशीची ठेवली तर फादर नाही म्हणतील असे मला वाटत नाही. फार तर थोडे चकित होतील.

सरळ_रेष

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 6:14 येथे विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड जुवाखाली न जाण्याविषयी आज्ञा आहे. शेजारधर्म निराळा आणि आत्मिक सहभागिता निराळी. ज्याला ख्रिस्त ठाऊक नाही अशा माणसाच्या मैत्रीला देवाचे दान म्हणून सभेत मिरवणे मला धोक्याचे वाटते. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, त्यांनी केलेल्या मदतीची परतफेडही करावी, पण उपकारस्तुतीचा विषय तारणाचा असावा.

पानोपान

मी एका बायबल शाळेत नवा करार शिकवते. या धाग्यातला मूळ प्रश्न मला वर्गातही विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रे ओळीने वाचली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. तो माणसांबद्दल आभार मानतो, पण ते माणसांपुढे नव्हे, देवापुढे मानतो. फिलिप्पैकरांस पत्र उघडले की 1:3 मध्येच तो म्हणतो की, तुमची आठवण होते तितक्या वेळा मी माझ्या देवाची उपकारस्तुती करतो. पुढे चौथ्या अध्यायात, तो कैदेत असताना त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती जे पाठवले त्याचा उल्लेख आहे. तेथे तो ‘तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे ठीक केले’ असे म्हणतो, मी देणगीच्या अपेक्षेने बोलत नाही असेही म्हणतो, ती देवाला आवडणारा सुवास आहे असेही म्हणतो, परंतु ‘मी तुमचा आभारी आहे’ हे साधे वाक्य काही उच्चारत नाही. अभ्यासकांनी यावर पुष्कळ चर्चा केली आहे. पौल संकोची होता असे काही म्हणतात. त्या काळच्या रोमी जगात आभार मानणे म्हणजे ऋणको होणे असे समजत, म्हणून त्याने देवाला मध्ये घेतले, असे इतर काही म्हणतात. नानांचे ‘परके करता काय’ हे वाक्य पौलाला बहुधा चटकन समजले असते.

पण या रीतीला पौलाने एके ठिकाणी सरळ फाटा दिला आहे. रोमकरांस पत्र 16:3–4 पाहावे. प्रिस्क आणि अक्विला या दांपत्याचा सलाम सांगताना तो लिहितो की, त्यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली, आणि त्यांचे आभार मी एकटाच मानतो असे नव्हे, तर परराष्ट्रीयांच्या सर्व मंडळ्याही मानतात. जे क्रियापद तो एरवी देवासाठी राखून ठेवतो तेच येथे त्याने दोन माणसांसाठी वापरले आहे, आणि ही दोन माणसे कोण होती? रोममधून घालवून दिलेले, करिंथात पौलाबरोबर एकाच छपराखाली तंबू शिवणारे कारागीर. राठ कापडात सुई ओढत दिवसचे दिवस शेजारी बसलेली माणसे. मला असे वाटते की, ज्यांच्याबरोबर हाताने काम केले त्यांच्याबाबतीत पौलाचा संकोच गळून पडला.

तेव्हा ‘कोणाचे मानायचे’ याचे उत्तर पौलाने दोन्ही प्रकारे दिलेले आहे. फक्त पहिला प्रकार आपण उचलला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले.

‘सरळ_रेष’ यांना एवढेच सांगेन की, विजोड जुवाची आज्ञा मूर्तिपूजेत भागीदार होण्याविषयी आहे. आजारी बाईला भाकरी पाठवणाऱ्याविषयी ती नाही. आणि मत्तय 26:50 मध्ये, हातात तलवारी-सोटे घेतलेला जमाव घेऊन प्रभूला धरून द्यायला आलेल्या यहूदा या शिष्यालासुद्धा प्रभूने ‘गड्या’ अशीच हाक मारली. शब्द तोलूनमापून वापरणाऱ्या गुरूने तो शब्द त्या रात्रीही मागे घेतला नाही.

सरळ_रेष

रोमकर 16:4 मी या दृष्टीने कधी वाचले नव्हते हे मान्य करतो. बाकी माझे मत कायम आहे.

जुना_फळा

‘बावखल’ आणि ‘पानोपान’, दोघांचेही आभार (मानून परके करत नाही). सासिमाची हकिगत वाचल्यावर जे सांगायचे मी टाळत होतो ते आता सांगतो.

2003 मध्ये वडिलोपार्जित जमिनीवरून माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे बिनसले. मी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. लग्नानंतरच्या आठवड्यात नाना आमच्या घरी आले, पाणी प्यायले, आणि माझ्या पत्नीसमोर मला म्हणाले, ‘मास्तर, दर रविवारी तुम्ही त्या उंच मेजामागे उभे राहून क्षमेचे वाचता आणि खाली उतरलात की फळा पुसल्यासारखे पुसून टाकता. त्या पोरीचे काय चुकले होते?’ मला राग आला. तुम्हाला आमच्या धर्मातले काय कळते, असे मी बोलून गेलो. नाना उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यानंतर चौदा महिने आमचे बोलणे नव्हते, आणि ते मीच बंद ठेवले होते हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मित्राने केलेले घाव विश्वासूपणाचे असतात हे नीतिसूत्रांचे 27:6 मी शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून कैक वेळा लिहिले होते.

अखेर भावाकडे गेलो. तेथून परतताना नेवासे फाट्यावर उतरलो आणि नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी काहीही विचारले नाही. आतून कांद्याची पोती बाहेर आणायची होती, तेवढी ‘जरा हात लावा’ म्हणाले.

‘सरळ_रेष’ यांना उत्तर म्हणून हे सांगत नाही. पण जो माणूस ख्रिस्ताचे नाव घेत नाही त्याने मला ख्रिस्ताच्या आज्ञेपाशी आणून सोडले, ही घटना देवाच्या हिशोबात कोणत्या रकान्यात लिहायची, ते मला अजून उलगडलेले नाही.

हडसनकाठ

मी न्यू यॉर्क राज्यात राहतो. आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर पोकीप्सी नावाचे गाव आहे, आणि तेथील दफनभूमीत आनंदीबाई जोशी यांच्या रक्षेवर उभारलेला दगड आहे. गेल्या शरद ऋतूत तेथे जाऊन आलो.

आनंदीबाईंची हकिगत आपण शाळेपासून डॉक्टरकीच्या अंगाने ऐकतो, पण ती मुळात एका मैत्रीची हकिगत आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिले होते, जे पूर्वी कोल्हापुरात काम करून गेले होते. वाइल्डर यांनी ते आपल्या अमेरिकेतील मासिकात छापले खरे, पण त्यांचा कल त्या दोघांनी धर्मांतर करावे याकडे होता. तो अंक 1880 मध्ये दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती लागला. त्या न्यू जर्सीतील रोसेल गावच्या गृहिणी होत्या, संस्थेच्या कोणी पदाधिकारी नव्हत्या. त्यांनी पत्र पाठवले. तीन वर्षे पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, 1883 मध्ये अमेरिकेत उतरल्या त्या याच मावशीच्या घरी, आणि पुढे फिलाडेल्फियात शिकत असतानाही सुटीचे घर तेच राहिले. 11 मार्च 1886 च्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता, आनंदीबाईंनी घेतला नव्हता, आणि तरीही दोघी एकाच सभागृहात एकीच्या यशाने आनंदित होऊन बसल्या होत्या.

26 फेब्रुवारी 1887 रोजी आनंदीबाई पुण्यात वारल्या, वय पुरते बावीससुद्धा नव्हते. त्यांची रक्षा समुद्रापार कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या घराण्याच्या जागेत, आपल्याच माणसांच्या ओळीत ठेवली.

त्या जागी उभे राहिल्यावर मला जाणवले ते असे की, ख्रिस्ती घराण्याच्या कबरींमध्ये एका हिंदू मुलीच्या रक्षेला जागा देताना त्या बाईंनी कोणाला दाखला विचारला नसावा. दगड छोटा आहे. त्याच्या पायथ्याशी कोणीतरी ठेवलेली दोन वाळलेली झेंडूची फुले होती. या थंड मुलखात झेंडू कोठून आणला असेल कोण जाणे.

कार्पेंटरबाईंनी उपकारस्तुतीची सभा ठेवली होती की नाही ते मला ठाऊक नाही. त्यांनी जागा दिली.

दुसरी_घंटा

मी एका तालुक्याच्या गावी मंडळीच्या पंच कमिटीवर आहे, म्हणून व्यवहाराचे तेवढे बोलतो. दिवस बरे नाहीत. माळकरी माणसाला घरगुती सभेला बोलावले की कोणी फोटो काढतो, कोणी त्याचा भलता अर्थ लावतो, आणि त्रास शेवटी नानांना व त्यांच्या मुलांना होतो. आमंत्रण देण्यापूर्वी त्यांना हे स्पष्ट सांगावे, काय वाचले जाणार आहे तेही सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. त्यांना ‘नको’ म्हणण्याची वाट मोकळी ठेवणे हाही मैत्रीचाच भाग आहे असे मी समजतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. पहाटे साडेतीनला, वॉर्ड शांत असताना हे लिहिते आहे.

मैत्री म्हटले की आपल्याकडच्या प्रवचनात दावीद आणि योनाथान हमखास येतात. शौल राजाचा मुलगा योनाथान याने आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरपट्टा दाविदाला दिला येथपर्यंत सांगतात, आणि तो लढाईत पडल्यावर दाविदाने केलेल्या विलापावर संपवतात. माझ्या मते त्या मैत्रीचे खरे प्रकरण त्याच्या पुढे, 2 शमुवेलाच्या नवव्या अध्यायात आहे. दावीद राजा होऊन स्थिरावला आहे, योनाथानाला जाऊन वर्षे लोटली आहेत, आणि कोणी आठवण दिलेली नसताना तो विचारतो की, योनाथानासाठी मी ज्याच्यावर दया करावी असा शौलाच्या घराण्यातला कोणी उरला आहे काय? तेव्हा सीबा नावाचा चाकर सांगतो की, योनाथानाचा एक मुलगा आहे, दोन्ही पायांनी लंगडा. तो मफीबोशेथ. पाच वर्षांचा असताना वडील मारल्या गेल्याची बातमी आली, दाई त्याला घेऊन पळाली, आणि त्या धावपळीत तो पडून अधू झाला. तो लो-दबार येथे दुसऱ्याच्या घरी राहत होता. दाविदाने त्याला बोलावून घेतले, आजोबाची जमीन परत केली आणि आपल्या पंक्तीला कायमचे बसवले. लक्षात घ्या, पूर्वीच्या राजाचा नातू हा नव्या राजाला धोकाच असतो, आणि त्या काळी अशांचे काय करीत ते सर्वांना ठाऊक होते.

मी हे पाठ करून लिहीत नाही. माझे वडील मी अकरावीत असताना गेले. ते एका शेतकी गोदामात हमाल होते आणि त्यांचे एक मित्र तेथेच तोलाईचे काम करीत. वडिलांच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी ते काका आले, आईला म्हणाले, ‘वहिनी, पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मची तारीख जवळ आली आहे असे तो मागे म्हणाला होता.’ तीन वर्षे दर सत्राला ते शुल्क भरून पावती आमच्या दारात सरकवून जात. दार वाजवत नसत, कारण आईला अवघडल्यासारखे होई. पावतीच्या मागे पेन्सिलीने वडिलांचे नाव लिहिलेले असे, स्वतःचे नव्हे. म्हणजे जणू वडीलच भरत होते.

आज ते काका माझ्याकडे तपासणीला येतात, रांगेत पुढे घेतले तर रागावतात. मी त्यांना एकदा धीर करून ‘तुमचे उपकार कसे फेडू’ असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘तुझ्या बापाने मला काय दिले होते ते तुला माहीत नाही, म्हणून तू मला विचारतेस.’ आणि काय दिले होते ते काही सांगितले नाही. मी दोनदा विचारून पाहिले.

गुरुजी, सभा जरूर ठेवा. फक्त एक सुचवते : नानांच्या मुलांना आणि तुमच्या मुलांना समोरासमोर बसवा.

पानोपान

‘रात्रपाळी’, तुमचे लिखाण मी उद्या वर्गात वाचून दाखवू का? नाव-गाव काहीच सांगणार नाही.

रात्रपाळी

वाचा. पावतीचे तेवढे नक्की वाचा.

जुना_फळा

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. सभा झाली, म्हणून वृत्तान्त देणे भाग आहे.

‘दुसरी_घंटा’ यांच्या सांगण्याप्रमाणे मी आधी नानांकडे जाऊन सारे स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘चाळीस वर्षे तुमच्या नाताळच्या करंज्या खातो आहे, तेव्हा कोणी फोटो काढला नाही. येईन. पण शाल दिलीत तर उठून जाईन.’ मुलाचा आक्षेप पाळकसाहेबांनीच परस्पर मिटवला. त्यांना ‘पानोपान’ यांचा मुद्दा सांगितला होता, त्यामुळे त्यांनी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायच वाचायला घेतला. एरवी तो अध्याय कोणी वाचत नाही, कारण त्यात एकामागून एक नुसती नावे आहेत : याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा, हिने तुमच्यासाठी फार श्रम केले, त्याची आई मलाही आईसारखी आहे. वीसहून अधिक नावे झाल्यावर नाना माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘मास्तर, ही तर हजेरी चालली आहे.’ आयुष्यभर हजेरीपट सांभाळलेल्या माणसाला ते सर्वांत आधी उमगावे यात नवल नाही. पाळकसाहेबांनी ते ऐकले, पुस्तक मिटले आणि म्हणाले की, आज याहून निराळा उपदेश करण्याची गरज नाही.

मग मी उभा राहिलो. वर्गात तेहतीस वर्षे बोललेला माणूस, पण घसा कोरडा पडला. आधी देवाचे उपकार मानले, आणि मग नानांकडे वळून, मुलांच्या व नातवंडांच्या देखत, 1991 चा डबा आणि 2003 चे ते बोलणे या दोन्हींबद्दल त्यांचे नाव घेऊन उपकार मानले. खोली गप्प झाली. नानांनी टोपी काढली, परत घातली, आणि बसल्या जागेवरून म्हणाले, ‘मास्तरांनी मध्ये चौदा महिने अबोला धरला होता, तेवढे वजा करून मांडा. हिशोब चोख असावा.’ सर्वांत मोठ्याने हसला तो माझा भाऊ, कारण त्यालाही बोलावले होते.

‘रात्रपाळी’ यांच्या सूचनेप्रमाणे मुलांना समोरासमोर बसवले होते. आरंभी ती आपापल्या मोबाइलमध्ये होती. नंतर नानांची थोरली नात आणि माझा नातू बराच वेळ डब्याचे झाकण हातात घेऊन त्यावरचे लाल अक्षर वाचत होते. ‘मास्तर’ मधला ‘स्त’ आता जवळजवळ उडाला आहे.

डबा त्या दिवशी परत गेला. माझ्या पत्नीने वरच्या पुडात करंज्या, मधल्यात चिवडा भरला आणि खालच्या पुडात काय घालावे हे तिला शेवटपर्यंत ठरवता येईना. अखेर तिने स्वतः थापलेल्या चार बाजरीच्या भाकरी फडक्यात गुंडाळून घातल्या. नानांच्या घरी भाकरीचा काय तोटा, असे मी म्हणालो, त्यावर तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

हे लिहीत असतानाच फोन आला होता, म्हणून मध्ये थांबलो. एसटी स्टँडवरून कंडक्टर बोलत होता. नेवाशाच्या गाडीने डबा आला आहे, चौकशीच्या खिडकीपाशी ठेवला आहे, लवकर घेऊन जा म्हणाला, कारण भाजीचा रस्सा गळतो आहे.